दंगलीतल्या गर्दीला डोकं असतं का? धंतोलीतल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेचा रिव्ह्यू

सरळ सांगते, पैसे वसूल आहेत. नागपुरात धंतोलीत शनिवार-रविवार मिळून दोन दिवसांची कार्यशाळा झाली, विषय शहरातल्या दंगली आणि गर्दीचं मानसशास्त्र, फी 800 रुपये, विद्यार्थ्यांना अर्धी, त्यातच चहा, नाश्ता, जेवण. शिकवायला एक निवृत्त प्राध्यापक मॅडम होत्या ज्यांनी कॉलेजात वर्षानुवर्षं सामाजिक मानसशास्त्र शिकवलं, आणि सोबत एक निवृत्त पोलीस अधिकारी. दोघांना विचारलेलं नाही म्हणून नावं टाकत नाही. जावं की नाही असा विचार जे करून राहिले त्यांच्यासाठी लिहून राहिली, थोडं लांबेल, पण विषयच तसा आहे.

आमचं महालात जनरल स्टोअर आहे. 17 मार्च 2025 ला काय झालं ते नागपूरकरांना सांगायची गरज नाही, बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते: औरंगजेबाची कबर हटवा म्हणून दिवसा महालात आंदोलन झालं, प्रतीकात्मक कबर जाळली, तिच्यावरच्या कापडावर धार्मिक मजकूर होता अशी अफवा पसरली, संध्याकाळी दगडफेक आणि जाळपोळ, रात्री हंसापुरीत तेच, आणि मग कितीतरी पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी. तेव्हापासून दुकानात येणारा प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलून जाते, "जाऊ द्या ना वहिनी, गर्दीला डोकं नसते." बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, समजूत काढायची असते, पण मला ते वाक्य टोचायचं. डोकं नसेल तर मग कोणाला काही विचारायचंच नाही का, आणि पुढच्या वेळी काही करायचंही नाही का, पाऊस पडल्यासारखं छत्री उघडून बसायचं? म्हणून गेली.

पहिलं सेशन याच वाक्यावर निघालं. मॅडमनी ते आलं कुठून ते सांगितलं. गुस्ताव्ह ल बाँ नावाचा फ्रेंच माणूस, 1871 चं पॅरिस कम्यून त्यानं डोळ्यांनी पाहिलं, कामगार आणि गरीब लोक शहर ताब्यात घेतात हे पाहून तो हादरला, आणि 1895 मध्ये त्यानं गर्दीवर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की माणूस गर्दीत शिरला की त्याची स्वतःची बुद्धी जाते, एकाचा आवेश दुसऱ्याला रोगासारखा लागतो, आणि मग जो जोरात सांगेल त्याच्या मागे सगळे जातात. मुसोलिनीला हे लिखाण फार आवडायचं, आणि का आवडायचं ते समजण्यासारखं आहे, लोकांना बुद्धी नाही म्हटलं की हाकायला एक माणूस लागतोच. मॅडम एवढं सांगून थांबल्या नाहीत, त्यांनी विचारलं की कम्यून मोडून काढताना पॅरिसमध्ये हजारो माणसं मारली गेली, ती कोणी मारली? मारणारं होतं सैन्य, हुकूम पाळणारं, रांगेत उभं राहणारं. हॉलमध्ये एकदम शांत झालं होतं.

मग चेहरा झाकण्याचा भाग. आपण सगळे मानतो की तोंडाला रुमाल बांधला की माणूस बिघडतो. 1969 मध्ये फिलिप झिंबार्डोनं असाच प्रयोग केला, कॉलेजच्या मुलींना डोक्यावरून टोपडं आणि ढगळ कोट घातला आणि समोरच्या बाईला विजेचे झटके द्यायला सांगितलं (झटके खोटे होते, मुलींना माहीत नव्हतं), तर झाकलेल्या मुलींनी जवळपास दुप्पट वेळ बटण दाबून ठेवलं. झालं सिद्ध, असं सगळ्यांना वाटलं. पण 1979 मध्ये जॉन्सन आणि डाउनिंग यांनी तोच प्रयोग फिरवला, काहींना अमेरिकेतल्या कू क्लक्स क्लॅन या काळ्यांवर हल्ले करणाऱ्या टोळीसारखे कपडे दिले आणि काहींना नर्सचे, तर नर्सच्या कपड्यातल्यांची ओळख लपवली तेव्हा त्यांनी झटके उलट कमी केले! म्हणजे तोंड झाकल्यावर माणूस कोणाच्या भूमिकेत शिरला आहे त्याप्रमाणे वागतो. पुढे 1998 मध्ये पोस्टमेस आणि स्पिअर्स यांनी असे 60 अभ्यास एकत्र तपासले तेव्हाही हेच निघालं, गर्दीत भान सुटतं याला फारसा आधार सापडला नाही, उलट त्या जागी, त्या वेळी, त्या लोकांत जे चालतं असं वाटतं तेच माणूस जास्त करतो. आता बघा, नागपुरात उन्हाळ्यात अर्धं शहर तोंडाला दुपट्टा बांधून गाडीवर फिरते, ते काय दगडं मारत फिरते का?

सगळ्यात जास्त वेळ ब्रिस्टलला दिला आणि मला वाटतं तो द्यायलाच हवा होता. इंग्लंडमधलं ब्रिस्टल शहर, तिथला सेंट पॉल्स नावाचा भाग, काळे-गोरे गरीब लोक, बेकारी, पोलिसांशी जुना राग. 2 एप्रिल 1980 ला पोलिसांनी तिथल्या ब्लॅक अँड व्हाइट कॅफेवर धाड टाकली, लोक जमले, दगडं सुरू झाली, पोलिसांच्या गाड्या जळाल्या, आणि शेवटी पोलीस काही तासांसाठी तो भाग सोडूनच निघून गेले. ल बाँच्या हिशोबानं आता तिथं काय व्हायला पाहिजे होतं? पोलीस नाहीत, अंधार आहे, गर्दी चिडलेली आहे, म्हणजे जे दिसेल ते फोडलं पाहिजे. स्टीव्ह रायशर नावाच्या तरुण संशोधकानं तिथल्या लोकांशी बोलून याचा अभ्यास केला, तो 1984 मध्ये छापून आला. त्याला दिसलं की राग ठरावीक ठिकाणीच निघाला, पोलीस, बँक, पोस्ट ऑफिस, बाहेरच्यांची काही दुकानं. वस्तीतली घरं, शेजाऱ्यांची छोटी दुकानं बहुतेक वाचली. पोलिसांना वस्तीच्या हद्दीबाहेर काढल्यावर लोक त्यांच्या मागे धावले नाहीत. गर्दीतलेच लोक रस्त्यावरच्या गाड्यांना वाट करून देत होते! कोणीतरी एका बसची काच फोडली तर बाकीच्यांनीच त्याला नावं ठेवली.

याचा अर्थ ती दंगल चांगली होती असा नाही, हे मॅडमनी दोनदा सांगितलं आणि मीही सांगते, माणसं जखमी झाली, मालमत्ता गेली. मुद्दा असा की त्या गर्दीत 'आपण कोण' हे प्रत्येकाला माहीत होतं, आपण सेंट पॉल्सचे, आपल्याला त्रास देणारे ते, आणि जे काही झालं ते या 'आपण'च्या मर्यादेत झालं. कोणी आदेश देत नव्हतं तरी काय चालेल आणि काय चालणार नाही हे ठरलेलं होतं. हेन्री ताजफेल आणि जॉन टर्नर यांनी 1979 च्या सुमारास सामाजिक ओळखीचा जो सिद्धांत मांडला त्याच्यावर रायशरचं हे काम उभं आहे: गर्दीत माणूस स्वतःची ओळख हरवत नाही, 'मी'वरून 'आम्ही'वर येतो. आणि म्हणून खरा प्रश्न असा की त्या 'आम्ही'त कोणाला धरलं आहे, कोणाला बाहेर काढलं आहे, आणि हे आधीपासून कोण ठरवत आणत होतं. माझ्यासाठी दोन दिवसांचं सार इथं आहे. जातीय दंगलीत हीच गोष्ट भयानक होते, कारण तिथं 'ते' म्हणजे शेजारचं दुकान असतं.

आता चिठ्ठ्यांचा खेळ, यासाठी तर प्रत्येक मंडळानं हे सेशन करावं. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1978 मध्ये एक साधा हिशोब मांडला. समजा चौकात 100 लोक आहेत. प्रत्येकाचा एक आकडा आहे, म्हणजे किती लोकांनी दगड उचलल्यावर तो उचलेल. एकाचा आकडा 0, तो कोणी नसतानाही मारेल. दुसऱ्याचा 1, तिसऱ्याचा 2, असं करत शेवटच्याचा 99. तर 0 वाला सुरू करतो, त्याला बघून 1 वाला, दोघांना बघून 2 वाला, आणि बघता बघता 100 च्या 100 दंगलीत. आता फक्त एक बदल करा, 1 वाल्याच्या जागी अजून एक 2 वाला आणा. 0 वाला दगड मारतो, पुढचा दोन जणांची वाट बघत उभा राहतो, आणि काहीच होत नाही! बाहेरून बघणाऱ्याला वाटेल पहिल्या चौकात गुंड होते आणि दुसऱ्या चौकात सज्जन, पण दोन्हीकडची 99 माणसं तीच आहेत.

आमच्याकडे चिठ्ठ्या वाटल्या, प्रत्येकाला आपला आकडा लपवून ठेवायचा होता आणि तितके लोक उभे झाले की आपण उभं व्हायचं. पहिल्या वेळी अख्खा हॉल उभा झाला. दुसऱ्या वेळी मॅडमनी गुपचूप एकच चिठ्ठी बदलली, एक पोट्टा उभा झाला आणि इकडेतिकडे बघत एकटाच उभा राहिला. मग त्यांनी खेळ वाढवला, काही जणांना सांगितलं की तुम्ही उभे झालेल्यांच्या बाजूला जाऊन "बस ना भाऊ" म्हणा. मोमिनपुऱ्यातून आलेले एक चाचा होते, ते इतक्या प्रेमानं म्हणायचे की पोट्टे खरंच बसायचे. त्यावर चर्चा भल्ली रंगली, एक गणेश मंडळाचा कार्यकर्ता म्हणाला की आमच्याकडे 0 वाला कोण आणि 1 वाला कोण हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत असतं. पोलीस साहेब म्हणाले, आम्ही नेहमी 0 वाल्याला उचलतो, पण 1, 2, 3 वाल्याचा मोठा भाऊ, त्याची आई, त्याचा उस्ताद वेळेवर चौकात आला तर तिथंच साखळी तुटते. मी हे वहीत लिहून घेतलं. अमेरिकेत 1967 च्या दंगलींवर कर्नर आयोगाचा जो अहवाल 1968 मध्ये आला त्यातही आहे की दंगलीच्या वेळी आपणहून रस्त्यावर उतरून लोकांना आवरणारे नागरिक होते, त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. त्याच अहवालात हेही निघालं की दंगलीत उतरलेला माणूस साधारणपणे त्याच शहरात वाढलेला, दंगलीत नसलेल्या शेजाऱ्यापेक्षा थोडा जास्तच शिकलेला होता. बाहेरचे गुंड आले होते हे आपण दर वेळी म्हणतो, ते म्हणायला सोपं पडते म्हणून.

रँडल कॉलिन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाच्या अभ्यासाचा भाग लवकर आटोपला पण चांगला होता, दंगलीचे फोटो दाखवून विचारलं की यात प्रत्यक्ष मारणारे मोजा. पुढे मूठभर, मागे बघणारे, ओरडणारे, मोबाईल धरून उभे असलेले ढीगभर. मागे उभं राहणाऱ्यांमुळेच पुढच्यांना बळ येते. आमच्या घरच्या पोट्ट्यांना हे दाखवायला पाहिजे, जे म्हणतात आम्ही फक्त बघायला गेलो होतो.

नागपूरचा भाग दुसऱ्या दिवशी सकाळी. माझ्या मते इथं त्यांनी फार जपून आणि नीट काम केलं. 13 ऑगस्ट 2004 चं कोर्टातलं अक्कू यादव या गुंडाचं प्रकरण घेतलं, कस्तुरबा नगरच्या बायकांनी वर्षानुवर्षं सहन केल्यावर भर कोर्टात त्याला मारलं. हॉलमध्ये दोन गट पडले, कोणी म्हणे बरं झालं, कोणी म्हणे खून तो खूनच. मॅडमनी निकाल दिला नाही, एवढंच दाखवलं की तिथल्या गर्दीचा रोख एका माणसावर होता आणि त्या बायका एका वस्तीच्या, एका दुःखाच्या होत्या, म्हणजे त्यांना 'भान हरपलेला जमाव' म्हटलं तर घडलेल्यातलं काहीच समजत नाही.

मग गोवारी समाजाचा मोर्चा. 23 नोव्हेंबर 1994, हिवाळी अधिवेशन, विधानभवनावर मोर्चा, चेंगराचेंगरीत 114 माणसं गेली, त्यात बायका आणि लेकरं किती. सीताबर्डीवरून जाताना ते स्मारक आपण रोज बघतो. याला दंगल म्हणणारे लोक अजूनही भेटतात म्हणून हा भाग मला महत्त्वाचा वाटला. चेंगराचेंगरीत लोक घाबरून एकमेकांना तुडवतात असं आपण बोलतो, पण होतं असं की एका चौरस मीटरमध्ये पाच-सहापेक्षा जास्त माणसं दाबली गेली की कोणाच्या हातात काही राहत नाही, मागचा रेटा लाटेसारखा पुढे जातो आणि माणूस उभ्या उभ्या श्वास कोंडून मरतो. मागच्याला पुढचं दिसतच नाही. दोष माणसांच्या स्वभावात शोधायचा नसतो, जागा किती ठेवली होती, बाहेर पडायला वाट होती का, लोकांना मागे कोणी ढकललं, हे विचारायचं असतं. जॉन ड्रूरी यांनी 2005 च्या लंडन बॉम्बस्फोटांतून वाचलेल्यांचा अभ्यास केला तर अनोळखी लोक एकमेकांना पाणी देत होते, धीर देत होते, हात धरून बसले होते.

आणि दीक्षाभूमी! हे त्यांनी घेतलं म्हणून मला फार बरं वाटलं. दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात, रेल्वेनं, ट्रकनं, पायी, रस्त्याच्या कडेला झोपतात, पुस्तकं विकत घेतात, शांतपणे परत जातात. गर्दीला डोकं नसतं म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी लक्ष्मीनगरकडून चालत यावं. तिथं अनोळखी माणूस अनोळखी माणसाला जयभीम म्हणतो आणि सरकून जागा देतो, कारण दोघंही त्या 'आम्ही'त आहेत. रायशर, निक हॉपकिन्स आणि आपल्या भारतातल्या संशोधकांनी मिळून प्रयागच्या माघ मेळ्यावर अभ्यास केला, तो 2012 मध्ये छापला गेला, महिनाभर थंडीत, गोंगाटात, नदीकाठी राहून आलेल्या लोकांना आपली तब्येत सुधारली असं वाटत होतं, आणि त्यांच्याच भागातल्या न गेलेल्यांना तसा फरक वाटला नाही. म्हणजे ज्या जोरावर गर्दी जाळते त्याच जोरावर ती सांभाळते सुद्धा.

अफवेचं सेशन चांगलं होतं पण अजून लांबायला हवं होतं. एक चित्र पहिल्याला दाखवलं, त्यानं दुसऱ्याच्या कानात सांगायचं, त्यानं तिसऱ्याच्या, ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांनी 1947 च्या पुस्तकात जे प्रयोग मांडले तसंच. शेवटपर्यंत बहुतेक तपशील गळले, एक-दोन टोकदार झाले, आणि जे उरलं ते ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून होतं त्या साच्यात बसलं. आमच्या रांगेत चित्रातला छत्रीवाला म्हातारा शेवटी काठीवाला माणूस झाला. दुसरी गोष्ट मला माहीतच नव्हती, 1934 च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी अफवा गोळा केल्या होत्या, तर जिथं धक्का बसला पण नुकसान झालं नाही अशा भागात, अजून मोठं संकट येणार आहे, अशा अफवा पसरल्या होत्या. लिऑन फेस्टिंजरनं पुढे हीच माहिती वापरली. कारण काय, तर भीती आधी बसलेली असते आणि तिला शोभेल असं कारण माणूस शोधतो. म्हणून नुसतं "हे खोटं आहे" असं ग्रुपवर टाकून अफवा मरत नाही, भीतीचं काही करावं लागतं, ज्याच्यावर दोन्ही बाजूंचा विश्वास आहे असा माणूस पहिल्या तासात बोलला पाहिजे. मार्चमध्ये आपल्याकडे दुपार ते संध्याकाळ एवढा वेळ होता.

पोलिसांचा भाग साहेबांनी स्वतः घेतला आणि इतकं मोकळं बोलतील असं वाटलं नव्हतं. लंडनमध्ये 31 मार्च 1990 ला पोल टॅक्स म्हणजे माणशी सारख्या कराविरुद्धच्या मोर्चात बहुतेक लोक शांतपणे चालायला आले होते, पोलिसांनी सगळ्यांना एकाच मापानं मोजलं, सगळ्यांवर घोडे घातले, आणि जे वेगवेगळे गट होते ते पोलिसांच्या विरोधात एक झाले. रायशर, स्टॉट आणि ड्रूरी यांचं म्हणणं हेच की गर्दीचा 'आम्ही' समोरच्याच्या वागण्यातून तयार होत जातो. उलट 2004 ला पोर्तुगालमध्ये फुटबॉलची युरो स्पर्धा झाली तेव्हा क्लिफर्ड स्टॉट यांच्या सल्ल्यानं पोलीस साध्या पद्धतीनं, दोघं-चौघं, चाहत्यांशी बोलत फिरले, हेल्मेट-ढालवाले मागे गल्लीत ठेवले, आणि ज्या इंग्लिश चाहत्यांची सगळ्यांना धास्ती होती तेच चाहते आपल्यातल्या दंगेखोरांना आवरू लागले. यावर एक तरुण जाम चिडला, म्हणाला, "साहेब, आमच्या मोहल्ल्यात तुमची गाडी फक्त उचलायला येते, बोलायला कधी येते?" साहेबांनी वाद घातला नाही, म्हणाले खरं आहे, बीटचा शिपाई मोहल्ल्यात चहा प्यायला बसत होता तेव्हा त्याला चार दिवस आधी समजायचं. पण साहेबांनी हेही सांगितलं की समोरून दगड आणि कुऱ्हाड येत असते तेव्हा शिपायालाही भीती असते, त्याचंही घर असते. दोघांचं ऐकताना मला दोघांचंही पटत होतं.

आता जे कमी पडलं ते. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे दंगल घडवणाऱ्यांवर फार कमी वेळ दिला. गर्दीतल्या माणसाच्या डोक्यात काय चालतं हे दीड दिवस, आणि त्या डोक्यात ते कोणी भरलं हे घाईघाईत जेवणानंतर. पॉल ब्रास यांनी अलीगढचा अनेक वर्षं अभ्यास करून लिहिलं आहे की काही शहरांत दंगलीची एक यंत्रणाच तयार असते, कोणी निखारा धगधगत ठेवतो, कोणी साध्या भांडणाला धर्माचा रंग देतो, कोणी माणसं पुरवतो, आणि नंतर दोष कोणाचा हे सांगणारेही ठरलेले असतात. हे नीट न सांगता फक्त मानसशास्त्र सांगितलं तर ऐकणारा म्हणेल सगळे सारखेच जबाबदार, आणि ते खरं नाही. मी फीडबॅक फॉर्मवर हे मोठ्या अक्षरात लिहून आली.

तसंच भिवंडी. 1970 आणि 1984 ला ज्या भिवंडीत भयानक दंगली झाल्या, तिथं सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी 1988 मध्ये आले, त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात हिंदू-मुसलमान दोघांना घेऊन समित्या बांधल्या, आणि डिसेंबर 1992-जानेवारी 1993 मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. आपल्या महाराष्ट्रातलं, आपल्या भाषेतलं उदाहरण, आणि त्याला एक स्लाइड! आशुतोष वार्ष्णेय यांचंही तसंच, 1950 ते 1995 च्या दंगलींची माहिती गोळा केली तर दंगलीतल्या एकूण मृत्यूंपैकी जवळपास निम्मे फक्त आठ शहरांत, आणि खेड्यांत अगदी थोडे. त्यांचं म्हणणं की मोठ्या शहरात नुसतं सणाला एकमेकांकडे शेवया-करंज्या पाठवणं पुरत नाही, व्यापारी संघटना, कामगार युनियन, क्लब यांत दोन्ही समाजाचे लोक एकत्र काम करत असतील, पैशाचा व्यवहार एकमेकांत गुंतलेला असेल तर अफवेला तिथंच लगाम बसतो. इतवारी, गांधीबाग, हंसापुरी, मोमिनपुरा इथल्या दुकानदारांसाठी यापेक्षा कामाचं काय असू शकते? माल त्यांच्याकडून येतो, गिऱ्हाईक आमच्याकडे येते, शिलाई तिसरीकडे होते, पण कागदावर एकत्र संघटना किती आहेत? यावर अर्धा दिवस द्या, मी परत फी भरून येईन.

शांतता समितीचा विषय निघाला तेव्हा बायका कुठं असतात असं मी विचारलं. सणाच्या आधी ठाण्यात मीटिंग होते, खुर्च्यांवर तेच तेच वयस्कर पुरुष, दोन्हीकडचे, फोटो निघतो. 1, 2, 3 आकडेवाल्या पोट्ट्यांना घरात कोण ओळखते? मॅडमना प्रश्न आवडला पण कार्यक्रमात त्याला जागाच नव्हती.

बाकी व्यवस्था. हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी आधी फोन करून घ्या. कूलर मोठ्ठा आवाज करते म्हणून मागे बसू नका. स्लाइड सगळ्या इंग्रजीत होत्या, बोलणं मराठी-हिंदीत असलं तरी चाचांना आणि आमच्या ओळीतल्या काकांना पडद्यावरचं काही वाचता येत नव्हतं, 800 रुपये घेता तर मराठी आणि उर्दू छापील पानं देता आली असती. सकाळचे तर्री पोहे एक नंबर, जेवण साधं, शाकाहारी, गरम. वेळ पाळतात, दहा म्हणजे दहा. दंगलीचे व्हिडिओ दाखवण्याआधी सांगतात आणि बाहेर जायची मोकळीक देतात, हे मला फार आवडलं, कारण एक ताई मार्चमधल्या रात्रीनंतर अजूनही फटाक्याच्या आवाजानं दचकतात, त्या बाहेर बसल्या आणि मॅडम स्वतः जाऊन त्यांच्याजवळ बसल्या.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो ब्रास आणि भिवंडीसाठी. मंडळाचे कार्यकर्ते, मशीद कमिटीचे लोक, दुकानदार, कॉलेजचे विद्यार्थी, बीटवरचे पोलीस यांनी जावं, पण एकाच मोहल्ल्यातले दोन्हीकडचे मिळून गेले तर जास्त फायदा, कारण चिठ्ठ्यांच्या खेळानंतर जे बोलणं होते ते घरी जाऊन पुढे चालू ठेवता येते. दहा जण एकत्र गेले तर फी 600 लावतात. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, आमच्या ओळीतली नावं मी लिहून घेऊन राहिली, हंसापुरीकडून कापडवाल्या भाईंनी चार नावं दिली आहेत, अजून जागा आहे.